सासूबाईंच्या पायांची परीक्षा

मागच्या महिन्यात नातीने मला पाय तपासायला नेलं. मला साखरेचं दुखणं लागून बरीच वर्षं झाली, पण पायही तपासायचे असतात हे अलीकडेच निघालंय अशी तिची समजूत आहे. तिथे एका मुलीने माझ्या अंगठ्याला यंत्राची दांडी टेकवली, एक बटण फिरवत गेली आणि म्हणाली, "आंटीजी, जैसे ही झनझनाहट लगे, बोल देना." मी बोलले. यंत्राने आकडा दाखवला, तो कागदावर छापून आला आणि मुलगी म्हणाली, "एज के हिसाब से ठीक है." वयाच्या हिशेबाने आता माझं सगळंच ठीक असतं. बाहेर आल्यावर नात म्हणाली, "आजी, बघितलंस ना, काय एकेक मशीन निघाल्यात." सगळं आपणच शोधून काढलंय असं तरुण माणसांना वाटू द्यावं, त्यांचा दिवस चांगला जातो.

पण घरी येईपर्यंत माझं चित्त काही त्या रिक्षात नव्हतं. मी रामबागेत होते, आमच्या भाड्याच्या दुमजली घरात, मध्य भारत होता तेव्हाच्या इंदुरात.

होळकरांचं राज्य विलीन होऊन मध्य भारत नावाचा प्रांत झाला होता, आणि त्या प्रांताला एक राजधानी काही पुरेना. उन्हाळ्यात सरकार इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला. आमचे हे सचिवालयात कारकून, त्यामुळे थंडी पडली की फायलींच्या पेट्यांबरोबर हेही ग्वाल्हेरला रवाना व्हायचे. मी पद्मजा, नाशिकची, नवी सून. लग्नानंतरचे पहिले हिवाळे मी सासू-सासऱ्यांच्याच सोबतीत काढले. तेव्हा रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे. आता वाटतं, झालं ते बरंच झालं. नवऱ्याचा सहवास मला पुढे पोटभर मिळाला, त्या दोघांचा नाही मिळाला.

मामंजी, म्हणजे माझे सासरे चिंतामणराव, होळकर सरकारच्या फरासखान्यात होते. तंबू, कनाती, गालिचे, लोडतक्के, जे जे अंथरायचं आणि उभारायचं ते सगळं या खात्याकडे. राज्य गेलं, मामंजींना पेन्शन मिळाली, पण दरबारातली सवय सुटली नाही. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि विचारलं तरी थोडक्यात. सकाळी रेशमी मुकटा नेसून पूजा, मग वर्तमानपत्र, जेवण, दुपारी वाचनालय. घरात ते आहेत की नाहीत हे त्यांच्या खोकल्यावरून ओळखावं लागे.

बोलण्याचं काम सासूबाईंकडे होतं. द्वारकाबाई त्यांचं नाव. इंदुरातच जन्मलेल्या, इंदुरातच वाढलेल्या, त्यामुळे त्यांचं मराठी ऐकून मी पहिले काही दिवस नुसती तोंडाकडे बघत बसे. "अगं, खडी काय राहिलीस, जल्दी हात चालव ना," म्हणायच्या. स्वयंपाकघर हे त्यांचं संस्थान, आणि ते काही विलीन झालेलं नव्हतं. आत सोवळं कडक. आंघोळ करून, रेशमी किंवा लोकरी वस्त्र नेसून आत जायचं, नाहीतर उंबऱ्याशी बसून भाजी निवडायची. माझी बदली आत व्हायला वर्ष लागलं. तेव्हा मला त्या जुलमी वाटायच्या. त्या जुलमी होत्याच, पण त्यांच्या हातची आमटी खाल्ली की जुलूम विसरायला व्हायचं.

तर या सासूबाईंना मधुमेह. रोज सकाळी इन्शुलिनची सुई लागायची, आणि ती टोचायला शेजारच्या कुमुदिनीबाईंचा शाम यायचा. शाम मुंबईहून डॉक्टर होऊन नुकताच परतला होता. इस्पितळात जाता जाता आमच्याकडे थांबे, काचेची पिचकारी पातेल्यात उकळे, सुई टोचे आणि चहा पिऊन जाई. बाहेर लोक त्याला डॉक्टरसाहेब म्हणायचे. सासूबाई त्याला शाम्या म्हणायच्या, कारण तो लहानपणी टायफॉइडने अंथरुणाला खिळला होता तेव्हा पेज त्यांनीच भरवली होती. ज्याला आपण चमच्याने भरवलं त्याच्याकडून औषध घ्यायचं म्हणजे मोठंच संकट. त्या सुई टोचून घ्यायच्या, पण सल्ला घ्यायच्या नाहीत.

माघातल्या एका सकाळी शामने पिशवीतून एक नवीनच वस्तू काढली. दोन पायांचा पोलादी चिमटा, खाली दांडी.

"हे काय? पापड भाजायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"ट्यूनिंग फोर्क आहे काकू. साखरेच्या बिमारीत पायाच्या नसा हळूहळू मरतात. सगळ्यात आधी जाते ती थरथर कळायची शक्ती. दुखलं, भाजलं हे कळेनासं व्हायच्या आधीच ती जायला लागते. म्हणून तपासून ठेवलेलं बरं. डोळे मिटा. मी हा वाजवून पायाच्या हाडावर टेकवणार. थरथर आली की हो म्हणा, बंद झाली की बंद म्हणा."

"म्हणजे इम्तिहान आहे."

"तसंच समजा."

सासूबाई पदर सावरून ताठ बसल्या. शामने फोर्क तळहाताच्या मुळाशी आपटला, तो गुणगुणायला लागला, आणि त्याने दांडी त्यांच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवली.

"हो," सासूबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बंद."

दुसरा अंगठा, मग घोटे. हो, बंद. हो, बंद. शाम खूश झाला. "काकू, फर्स्ट क्लास."

"मग? मी तर आधीच बोलली होती. बिलकुल ठीक आहेत माझे पाय. खामखा परेशान करतोस."

मी उंबऱ्याशी मेथी निवडत बसले होते. मला ते काही पटलं नाही. कारण त्या थंडीत मी बघत होते, सासूबाई अंगणातून घरात येताना एक वहाण वाटेतच गळून पडायची, आणि त्या तशाच, एका पायात वहाण आणि एक पाय उघडा, ओसरीपर्यंत यायच्या. मी पडलेली वहाण उचलून आणायची. मी शामला फाटकाशी गाठून हे सांगितलंही. तो हसला आणि म्हणाला, "वहिनी, माणूस चुकेल, फोर्क नाही चुकत." शिकून नव्याने आलेला डॉक्टर आणि नवा चुना, दोघांनाही भाजण्याचा गुण जास्त.

श्रावण आला. शुक्रवारी पुरणाचा नैवेद्य असायचा. चुलीवर डाळ शिजत होती, शेगडीवर दूध होतं, सासूबाई चुलीपाशी उभ्या राहून वरचा डबा काढत होत्या आणि मी पाट्यावर पुरण वाटत होते. मला कसलासा वास आला, केस जळल्यासारखा.

"अगं, दूध बघ, लागून राहिलंय," सासूबाई म्हणाल्या. त्यांनाही वास आला होता.

दूध लागलं नव्हतं. मी शेगडी बघितली, चूल बघितली, आणि मग खाली बघितलं. चुलीतून घरंगळलेला निखारा सासूबाईंच्या टाचेखाली होता. त्या त्याच्यावर उभ्या होत्या, सगळ्या अंगाचा भार देऊन, आणि डब्यातली वेलची शोधत होत्या.

मी त्यांना अक्षरशः ओढलं. त्या माझ्यावरच चिडल्या. "अगं, ढकलतेस काय? डोकं ठिकाणावर आहे का?" मग त्यांनी पाय उचलून बघितला. टाचेला रुपयाएवढं काळं पडलं होतं. त्या त्याच्याकडे अशा बघत राहिल्या की जणू तो पाय दुसऱ्याच कोणा बाईचा आहे. एवढं भाजलेलं माणूस ओरडतं, निदान डोळ्यांत पाणी तरी येतं. यांना काहीच झालं नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.

शाम धावत आला. जखम धुतली, पट्टी बांधली आणि मग पाटावर डोक्याला हात लावून बसला. मामंजीही आले होते, दाराच्या चौकटीला टेकून उभे होते.

"काकू," शाम शेवटी म्हणाला, "फोर्क तुम्हाला ऐकू येत होता ना?"

"येणारच. मी काय बहिरी आहे?"

"मग पायात थरथर आली असं का सांगितलंत?"

"तू बोललास, आली की हो म्हण, बंद झाली की बंद म्हण. मी म्हटलं." मग आवाज जरा खाली आला. "फेल झाली असती तर तू मला चुलीजवळ जाऊ दिलं असतंस का?"

हे सगळ्यांना समजलं, कारण मानपुरच्या आत्याबाईंची गोष्ट आमच्या घरात कोणी विसरलेलं नव्हतं. मामंजींची थोरली बहीण. तिलाही हेच दुखणं. पायात खिळा शिरला तो तिला समजलाच नाही, पाय काळा पडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. नंतर ती ओसरीवरच्या पलंगावर असायची. तिचं घर, तिचीच चूल, पण ताटात कोणी काय वाढील ते निमूट खायचं. सासूबाई तिला भेटून आल्या की दोन दोन दिवस कोणाशी बोलत नसत. त्या एकदा मला म्हणाल्या होत्या, पाय गेल्याचं मला काही नाही गं, पण ते वाट बघणं फार खराब.

शामने फोर्क काढला. "परत बघू. वहिनी, काकूंच्या कानांवर हात ठेवा. घट्ट."

मी सासूबाईंच्या मागे, जरा एका अंगाला, गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही कानांवर तळहात दाबले. त्या घरात येऊन इतके दिवस झाले होते, पण त्यांना असा स्पर्श मी कधी केला नव्हता. केस मऊ होते, विरळ झाले होते, खोबरेलाचा वास येत होता. त्यांनी डोळे मिटले. शामने फोर्क आपटला आणि दांडी अंगठ्यावर टेकवली. पोलादाची टोकं इतकी थरथरत होती की दोनच्या चार दिसत होती.

सासूबाई वाट बघत होत्या. श्वास रोखून, मान किंचित पुढे करून, पास व्हायचंच म्हणून बसलेल्या मुलीसारख्या. फोर्क थरथरून थरथरून थांबला. शामने पुन्हा आपटला, दुसऱ्या पायाला लावला. मला तिथून ते दिसत होतं आणि तळहातांना त्यांची कानशिलं उडताना लागत होती.

"शाम्या," त्या म्हणाल्या. कान झाकल्यामुळे जरा मोठ्यानेच बोलल्या. "अरे, कधी लावणार आहेस?"

मी हात काढले असते तर शामचा श्वास त्यांना ऐकू आला असता, म्हणून मी हात तसेच ठेवले. शामने फोर्क घोट्याला लावला. काही नाही. नडगीला लावला. त्यांच्या कपाळावर आठी पडली, पण हो आलं नाही. गुडघ्याला लावला तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "हां, आत्ता." आणि डोळे उघडून हसल्या. मग त्यांनी खाली बघितलं, दांडी कुठे टेकली आहे ते त्यांना दिसलं, आणि ते हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

मी मान वर केली तर दारात मामंजी नव्हते. खुंटीवर त्यांची टोपी होती. बोडक्या डोक्याने मामंजी रस्त्यावर गेले, ही गोष्ट त्या घरात त्याआधी झालेली नव्हती.

त्या दिवसापासून घरात भांडण सुरू झालं ते वहाणांचं. शामचं म्हणणं सरळ होतं. रोज रात्री पाय उलटेसुलटे करून बघायचे, आणि उठल्यापासून झोपेपर्यंत पायात काहीतरी हवं, घरातसुद्धा, चुलीपाशी तर हवंच. सासूबाईंचं म्हणणंही सरळ होतं. स्वयंपाकघरात, सोवळ्यात, पायात चामडं? देवाच्या नैवेद्याला? शामने कॅनव्हासचे बूट आणले. ते चामड्याचे नाहीत असं त्याने शपथेवर सांगितलं. "मोचीनेच शिवलेत ना, मग झालं," त्या म्हणाल्या. तरी त्याचं मन मोडू नये म्हणून ते बूट घालून घरभर फिरायच्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी काढून आत जायच्या.

"काकू, निखारे आत असतात, बाहेर नाही," शाम कळवळून म्हणायचा.

"उंबऱ्याबाहेर पाय तुझे. आत देवाचे."

खडावा झाल्या. सोवळ्यात खडावा चालतात, आमच्या गुरुजींनीही मान डोलावली. पण त्यांची खुंटी अंगठ्याच्या बेचक्यात घासून दोन दिवसांत साल निघालं. तेही मलाच दिसलं, त्यांना समजलं नव्हतं. शामने खडावा माळ्यावर टाकायला लावल्या. आमच्या यांनी एकदा रागाच्या भरात सांगितलं, "आई, पद्मजा आता सगळं करते, तू बस की बाहेर." सासूबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की हे जेवण टाकून ऑफिसला गेले. मीही त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. स्वयंपाकघर मला हवं होतं, खोटं कशाला बोलू, पण असं नको होतं.

या सगळ्या गदारोळात मामंजी एक शब्द बोलले नाहीत. मला त्यांचा राग यायचा. बायकोचा पाय जायची वेळ आली तरी या माणसाचं वाचनालय काही सुटत नाही. त्यात कुमुदिनीबाईंनी सांगितलं की ते दुपारी वाचनालयात नसतातच, तुकोजीच्या घरी असतात. तुकोजी म्हणजे फरासखान्यातला त्यांच्या हाताखालचा जुना माणूस, डेरे शिवायचा. राज्य गेल्यावर तो छत्रीबागेकडे राहायचा. मी मनात म्हटलं, पत्ते खेळत असतील. पुरुषांना घरचं दुःख झालं की पत्ते सुचतात.

भाद्रपद आला. बाजारात भुट्टे आले, घरोघर त्यांच्या किसाचा वास सुटला, गणपती बसले, आणि महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या. नाशिकला आम्ही गौरी म्हणतो, इकडे महालक्ष्म्या. सासूबाईंच्या घरी त्यांचा मोठा थाट. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या. दारापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावलं काढायची आणि घरच्या सवाष्णीने देवीचा मुखवटा हातात घेऊन त्या पावलांवरून चालत यायचं. वाटेत सगळं घर दाखवायचं, कोठी, स्वयंपाकघर, चूल. मुखवटा आणायचा मान सासूबाईंचा.

टाचेची जखम नुकती कुठे भरत आली होती. शामने हात जोडले. "काकू, एक साल वहिनींना आणू द्या. चुलीभोवती सकाळपासून निखारे पडलेले असणार. ही जखम परत उघडली तर मग माझ्या हातात काही नाही. आत्याबाईंचं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको."

"नको सांगू," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुझ्यावर राग नाही गं. तुझाच आहे तो मान, माझ्यानंतर. पण यंदा मी बसली तर मी बसलीच. मग कोणी उठवणार नाही. आणि जोडे घालून देवी आणायची म्हणशील तर ती आत येईल का?"

मी काय बोलणार? त्यांना जाऊ दिलं तर पाय जाणार, थांबवलं तर बाईच जाणार. त्या रात्री मी देवाला सांगितलं, तुझं तूच बघ, माझी अक्कल इथे संपली.

महालक्ष्म्यांच्या सकाळी मामंजी पूजेला बसले ते जुनी लोकरी धाबळी नेसून. सासूबाईंनी विचारलं, "मुकटा कुठाय?"

"फाटला," मामंजी म्हणाले.

एवढा चांगला रेशमी मुकटा, त्यांच्या सासऱ्यांनी दिलेला, अचानक फाटतो कसा, याचा विचार करायला कोणाला सवड नव्हती. पुरण शिजत होतं.

संध्याकाळी दारात बायका जमल्या. कुमुदिनीबाई सगळ्यांत पुढे. रांगोळीची पावलं मीच काढली होती, लाल-पांढरी, उंबऱ्यापासून थेट चुलीपर्यंत आणि तिथून देवघरापर्यंत. सासूबाई नऊवारी शालू नेसून उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या, अनवाणी. त्यांच्या दोन्ही हातांत देवीचा मुखवटा होता. मी आत हळदकुंकवाचं तबक घेऊन उभी होते आणि मला त्यांच्या टाचेवरची नवी गुलाबी कातडी सोडून दुसरं काही दिसत नव्हतं.

तेवढ्यात मामंजी माझ्या बाजूने पुढे गेले. बायकांच्या कार्यात पुरुष मध्ये येत नसत, मामंजी तर नाहीच. त्यांच्या काखेत एक पुडकं होतं. ते उंबरा ओलांडून बाहेर गेले, सासूबाईंच्या समोर आले आणि धाबळी सावरून खाली उकिडवे बसले.

"पाय पुढे कर," ते म्हणाले.

पुडक्यात जोडे होते. असे जोडे मी त्यानंतरही कुठे पाहिले नाहीत. तळवा जाड नमद्याचा, म्हणजे लोकर कुटून करतात त्या फेल्टचा, तंबूत गालिच्याखाली अंथरायचा असतो तो. त्याच्या दोन घड्या, घट्ट टाके घातलेल्या. वरचा भाग केशरी रेशमाचा. मुकट्याचा काठ मी लगेच ओळखला.

"अहो, जोडे?" कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"लोकर आणि रेशीम," मामंजी म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. "दोन्हीला विटाळ नाही. चामडं नाही, सरस नाही, मोची नाही. मी आणि तुकोजीने शिवलेत, आंघोळ करून. लोकर पेटत नाही, आम्ही निखारा ठेवून बघितलाय."

एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आणि खरं सांगते, मला स्वतःचीच गंमत वाटली. रेशीम आणि लोकर विटाळत नाही हे त्या दारातल्या प्रत्येक बाईला पाळण्यापासून ठाऊक होतं. आम्ही सगळ्या रोज तेच नेसून स्वयंपाक करत होतो. ते पायांतही घालता येईल हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

सासूबाई मागे सरकायला गेल्या. पण हातांत देवी होती. वाकता येईना, त्यांना उठवता येईना. "अहो, उठा ना," त्या कुजबुजल्या. "चार बायका बघून राहिल्यात. पायाला काय हात लावता माझ्या? पाप लागेल मला."

"लागू दे. अर्धं मी घेतो."

त्यांनी त्यांचा उजवा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. तळवा हाताने पुसला, बोटांच्या बेचक्या बघितल्या, टाचेवरची ती गुलाबी जागा अंगठ्याने हळूच चाचपली. मग जोडा चढवला आणि नाडी बांधली. डावा पाय घेतला. तो त्यांच्या दोन्ही हातांत असताना ते सवयीने म्हणाले, "घट्ट होतोय का?"

सासूबाईंनी मुखवट्यावरून खाली बघितलं. "मला काय विचारता?" त्या म्हणाल्या, आणि पुढचं इतकं हळू बोलल्या की ते फक्त मामंजींना आणि उंबऱ्याशी असलेल्या मला ऐकू आलं. "जन्मात पहिल्यांदा हात लावलात, आणि मला कळला नाही हो."

मामंजींनी पाय खाली ठेवला नाही.

"मला कळला ना," ते म्हणाले. "झालं तर."

माझ्या हातातल्या तबकातलं कुंकू सांडलं. कुमुदिनीबाईंनी पदर तोंडाला लावला. मामंजी गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि बायकांना वाट देत बाजूला झाले, दरबारात होतात तसे.

आता मी आतून विचारायचं होतं. मी विचारलं. "कोण आली?"

"महालक्ष्मी आली," सासूबाई म्हणाल्या.

"कशाच्या पावलांनी आली?"

या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं, ते दर वर्षी घरोघर म्हणतात, आणि त्यात कोणाचं लक्ष नसतं. सासूबाईंनी मात्र आधी आपल्या पायांकडे बघितलं, मग बाजूला उभ्या असलेल्या मामंजींकडे, आणि सगळ्या रामबागेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "सोन्याच्या पावलांनी आली."

मग त्या चालायला लागल्या. नमद्याचे तळवे चांगलेच रुंद होते. माझी रांगोळीची पावलं एकूण एक पुसत त्या थेट चुलीपर्यंत गेल्या, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.